मानेवरचा ठिपका आणि माझी पेन्सिल

मागच्या लग्नसराईत परभणीच्या एका मंगल कार्यालयात दोन फोटोग्राफर पोरं कॅमेऱ्यावरून भांडायली होती. नवरा-नवरी स्टेजवर ताटकळून उभी, वऱ्हाडी जेवणाच्या हॉलकडं डोळे लावून बसलेले, आणि ही दोघं 'सेन्सर' या एका शब्दावरून एकमेकांची अक्कल काढण्यात दंग. एकाचं म्हणणं, तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर बारका, फोटो मोठा केला की त्याच्या चिंध्या होणार. दुसरा म्हणे, तुझा मोठा असून उपयोग काय, तुला लाइट कुठं लावायची ते कळत नाही. मी कोपऱ्यात जिलबी खात बसलो होतो. कुणीतरी त्यांना सांगितलं, हे म्हातारबा सेलूचे जुने फोटोवाले आहेत. झालं! दोघंही माझ्यावर चालून आले.

"काका, तुमच्या टायमाला सेन्सर कुठला होता?"

मी म्हणालो, "आधी तुझा दाखव."

त्यानं मोठ्या तोऱ्यात लेन्स काढली. आत, आमच्या फिल्मच्या जागी, चकाकणारा एक चौकोन. "फुल फ्रेम हाय काका, फुल फ्रेम!"

मी बघितलं आणि मला असं हसू लोटलं की जिलबीचा पाक सदऱ्यावर सांडला. टपालाचं तिकीट! ज्या मापाला मी उभ्या आयुष्यात टपालाचं तिकीट म्हणून हिणवलं, त्याच मापाला ही पोरं 'फुल' म्हणून मिरवतात. आणि दुसऱ्याचा तर त्याहून बारका. भांडण कशावरून, तर तिकीट मोठं का अर्धं तिकीट मोठं!

या अंकाच्या संपादकांनी निरोप धाडलाय की तुमच्या धंद्यातल्या गोड आठवणी लिहून द्या. गोड पाहिजे असेल तर मिठाईवाल्याकडं जा म्हणावं. फोटोच्या धंद्यात माणूस गोड राहत नाही. पण त्या दोघा पोरांमुळं मला जे आठवलं ते लिहितो. घ्यायचं तर घ्या, न्हाईतर कचऱ्यात टाका.

सेलूला स्टेशनच्या रस्त्यावर माझा स्टुडिओ होता. मागं रंगवलेला पडदा, त्यावर तळं, पायऱ्या आणि एक राजहंस. पेंटरनं राजहंस कधी बघितला नसावा, बदकाला मान लांब केली होती. कॅमेरा दोन डोळ्यांचा. वरच्या डोळ्यातून आपण बघायचं, खालच्यातून फिल्मनं बघायचं. त्याची एकेक निगेटिव्ह चौकोनी, बांधून ठेवलेल्या पानाच्या विड्याएवढी. माणसाचा चेहरा त्यावर अंगठ्याच्या नखाएवढा यायचा, आणि चेहरा एवढा आला की त्यावर हात चालवता येतो. माझं नाव फोटोसाठी नव्हतं, त्या हातासाठी होतं.

बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगतो. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. गालावर खड्डा असेल, डोळ्याखाली काळं असेल, तर निगेटिव्हवर ती जागा कोरी, पारदर्शक दिसते. तिथं टोकदार पेन्सिलीनं बारीक बारीक रेघा मारायच्या. कागदावर फोटो उतरला की खड्डा भरलेला, काळं गेलेलं. कातडी उजळ पाहिजे? मारा पेन्सिल. सुरकुत्या नकोत? मारा पेन्सिल. याला रिटचिंग म्हणत. परभणी जिल्ह्यात लग्नाच्या पोरीचा फोटो 'दिगूभाऊकडनं' काढायचा असा रिवाजच पडला होता, आणि तो काही माझ्या कॅमेऱ्यामुळं नाही.

खोटं बोलायला माणूस देवळात जात नाही, फोटो काढायला येतो. कोण शेजाऱ्याचं घड्याळ घालून यायचं आणि मनगट पुढं करून बसायचं. कोण मांडीवर ट्रान्झिस्टर घेऊन, आणि त्यात सेल नसायचा. विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चांचे दिवस होते, पुढारी उदंड झाले होते. एक जण मोर्चाला न जाता माझ्याकडं आला. म्हणे, मूठ वर करून घोषणा देतानाचा फोटो काढा. काढला. कोणत्या बाजूचा ते विचारू नका, पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या बाजूचाही येऊन गेला. मूठ तीच, मागं राजहंसही तोच. दोघांनाही मी सांगितलं की बदक झाकायचं तर थोडं डावीकडं सरका. दोघंही सरकले.

तर असा माझा धंदा बरा चालला असताना समोरच्या बाजूला सुरेश नावाच्या पोरानं दुकान टाकलं. 'कलर फोटो' अशी लाल-पिवळी पाटी. हातात जपानी कॅमेरा, चकचकीत, त्याच्या डोक्यावर फ्लॅश. फिल्म बारकी, टपालाच्या तिकिटाएवढी. एका रोलात माझ्या तिप्पट फोटो. पोरगा काय करायचा, तर फ्लॅश मारायचा आणि रोल एसटीनं औरंगाबादच्या लॅबला धाडायचा. तिकडं मशीन धुणार, मशीन छापणार. याच्या हाताला पाणी लागत नव्हतं की पेन्सिल. गिऱ्हाईक मात्र त्याच्याकडं धावायलं. "दिगूभाऊ, त्याच्यात साडीचा रंग दिसतोय हो!" अरे, साडीचा रंग बघायचा तर कापड दुकानात जा की!

मी लोकांना समजावून थकलो. लिंबाएवढ्या उंड्यातून परातीएवढी भाकरी थापली की काय होतं? विरळ पडते, मधे भोकं पडतात. तिकिटाएवढ्या फिल्ममधून भिंतीवरचा फोटो काढायचा म्हणजे तेच. त्यावर खसखशीएवढी धूळ बसली तरी फोटोत ती पैशाएवढी होते. माझ्या विड्याएवढ्या निगेटिव्हवर तीच खसखस बसली तर मोहरीएवढी होईल, आणि तेवढीही मी होऊ देणार नाही. पण ऐकतो कोण? साडी लाल दिसायली ना, मग झालं.

आता शैलाची गोष्ट.

पेडगावचे विश्वनाथअप्पा शेतकरी, लिंगायत घर, दोन पोरी. थोरली शैला गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई. अप्पा तिला घेऊन आले. पोरगी खुर्चीत बसली तसे मला दाराशी ओढून हळूच म्हणाले, "दिगूभाऊ, पोरगी जराशी सावळी हाय. पुढचं तुमच्या हातात हाय."

हे वाक्य मी इतक्या बापांच्या तोंडून ऐकलं होतं की मी नुसती मान हलवली. कॅमेऱ्यात बघून पोरीला म्हणालो, "हनुवटी खाली. हसू नका."

"हसू नको तर काय रडू?" ती म्हणाली.

मी कळ दाबली. डोळ्यात चमक होती, ओठ मिटलेले पण आतून हसणारे. चांगला फोटो होता. मग मी बसलो पेन्सिल घेऊन आणि तिचे गाल, कपाळ, नाक असं सगळं दोन-चार छटांनी उजळून टाकलं. अप्पा फोटो बघून म्हणाले, "वा! आता कोण न्हाई म्हणतंय?"

स्थळ होतं गंगाखेडचं. मुलगा महारुद्र, बाप नाही, सगळा कारभार चुलत्याच्या हातात. चुलता मन्मथशेठ, सरकी-ढेपेचा व्यापारी. मुलाचा फोटो अप्पांकडं आधीच आलेला. या शेठनी शैलाचा फोटो बघून निरोप दिला, काळ्या-पांढऱ्यात काय कळत न्हाई, रंगीत पाठवा. अप्पांनी पोरीला उचललं आणि सुरेशकडं बसवलं. मला तोंड चुकवून, रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं गेले. मला दिसलं नाही असं त्यांना वाटलं असेल.

काही दिवसांनी तेच अप्पा माझ्या दुकानात आले आणि बाकड्यावर मटकन बसले. शैला मागं उभी. अप्पांच्या हातात दोन्ही फोटो, परत आलेले. एका पाहुण्याच्या तोंडी निरोप होता, मुलीच्या मानेवर कोड आहे, रंगीत फोटोत धडधडीत दिसतंय, आणि आधीच्या फोटोत सेलूच्या फोटोवाल्यानं ते पुसलंय.

मी रंगीत फोटो घेतला. मानेवर, कानाच्या खाली, चिंचोक्याएवढा पांढरा ठिपका. मी शैलाच्या मानेकडं बघितलं. मान साफ होती.

"चांदी चमकली असंल का हो?" अप्पा म्हणाले. गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीबद्दल ते बोलत होते. डबी कुठं, ठिपका कुठं!

"धूळ आहे," मी म्हणालो. "छापताना निगेटिव्हवर धूळ बसली."

"ते तुमाला कळतंय. गावाला कोण सांगणार?" अप्पा म्हणाले. "स्थळ गेलं तर जाऊ द्या हो. पण हे नाव चिकटलं की हिचं बी संपलं आन् धाकटीचं बी संपलं. आपल्या लोकांत गोष्ट किती दिवस झाकून राहती?"

कोड म्हणजे कातडीचा रंग जातो, बाकी काही नाही. न दुखतं, न खुपतं, न दुसऱ्याला लागतं. पण ते नाव उच्चारलं की शहाणीसुरती माणसं असं तोंड करतात, जसं काही घरात साप निघाला. शैला शांतपणे म्हणाली, "आन् असतं तर? मला फळा दिसला नसता का?" बापानं तिच्याकडं असं बघितलं, जणू पोरीनं शिवी दिली.

मी रस्ता ओलांडला. सुरेशनं दुकान टाकल्यापासून पहिल्यांदा. पोरगा वाईट नव्हता, नवा होता. मी फोटो पुढं टाकला तसा त्याचा चेहरा उतरला. "भाऊ, लॅबवाल्यांनी केलं, मी काय करू?" पण निगेटिव्हची पट्टी मात्र मुकाट्यानं काढून दिली. भिंग लावून उजेडासमोर धरली. होतीच! नेमकी मानेवर खसखशीपेक्षा बारीक धूळ, चिकटून बसलेली. पुरावा डोळ्यासमोर होता. आणि मी काय केलं असेल?

फुंकर मारली.

जन्माची सवय. निगेटिव्हवर धूळ दिसली की फोटोवाल्याच्या तोंडून फुंकर सुटतेच, त्याला विचारायला वेळ मिळत नाही. धूळ उडाली. सुरेशनं पट्टी माझ्या हातातून ओढून घेतली.

"दिगूभाऊ, तुमी पुरावाच फुंकला की!"

मग त्याच निगेटिव्हची दुसरी प्रत मागवायची ठरली. डाग मानेवर असेल तर दुसऱ्या प्रतीतही येईल, धुळीचा असेल तर येणार नाही. शेंबड्या पोराला कळेल असा हिशेब. सुरेशनं पट्टी औरंगाबादला धाडली आणि नेमक्या तेव्हाच नामांतरावरून बंद, मोर्चे, एसटीवर दगड असं सुरू झालं. पार्सल तिकडंच अडकलं.

अशात मन्मथशेठ सरकीच्या सौद्याला सेलूला आले. अप्पांना कळलं तसे ते शैलाला घेऊन पहिल्या गाडीनं आले, शेठना बाजारात गाठलं आणि हात जोडून माझ्या दुकानात घेऊन आले. माझ्यासमोरच म्हणाले, "शेठ, नकार द्या. पण डाग ठेवून जाऊ नका. एकदा निगेटिव्ह बगा, मग काय बोलायचं ते बोला."

शेठ आत आले आणि अर्ध्या तासात बाजार बंद झाला. मोर्चा निघाला होता. मी शटर अर्धं खाली ओढलं. आत आम्ही चौघं. शेठ स्टुलावर, त्यांच्या मागं राजहंस. बाहेरच्या घोषणा ऐकून ते करवादले, "नाव बदला, नाव बदला! आहे ते नाव काय वाईट हाय?" मला तेव्हाच हसू आलं होतं, का ते पुढं कळेल.

शेठनी दोन्ही फोटो मांडीवर शेजारी-शेजारी ठेवले. सरकी चिमटीत धरून पारखतात तसं एकदा हा, एकदा तो. "हे बगा. एका कॅमेऱ्यात डाग हाय, दुसऱ्यात न्हाई. म्हंजे एक कॅमेरा खोटं बोलायलाय. कोणता, ते अख्ख्या जिल्ह्याला ठावं हाय. दिगूभाऊ, तुमी म्हशीला गाय करून देताव म्हणं!"

ज्यांनी ज्यांनी गोरं करून नेलं होतं त्यांनीच माझी ही कीर्ती केली होती. रंगीत कॅमेरा खरा, कारण त्याला खोटं बोलता येत नाही. आणि मी खोटा, कारण मला येतं. धुळीचं खरं ठरलं आणि माझं खरं खोटं ठरलं!

आणि गंमत अशी की शैला समोरच बसली होती. खिडकीतून उजेड थेट तिच्या मानेवर. पण शेठ त्या मानेकडं बघायला तयार नाहीत, फोटोकडं बघायलेले. अप्पा धीर करून म्हणाले, "शेठ, पोरगी समोर हाय, बगा ना."

"परक्या पोरीच्या मानेकडं बगू का मी? आन् बगून तरी काय? पावडर लावली असंल."

माणूस समोर जिवंत बसलेला, आणि खरं काय ते कागदाला विचारायचं! मी उठलो, कपाटातून शैलाचं पाकीट काढलं, दुधी काचेखालचा दिवा लावला आणि निगेटिव्ह ठेवली.

"शेठ, या इकडं. पेन्सिलीनं काळं गोरं करता येतं. पण पांढरं सावळं करता येत नाही. कोड झाकायचं तर निगेटिव्ह ब्लेडनं खरवडावी लागते, आणि ब्लेडचा ओरखडा लपत नाही. बगा मानेवर. आहे ओरखडा?"

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. नव्हता.

"पेन्सिल कशावरून न्हाई?"

"तेही दाखवतो." मी निगेटिव्ह उचलून तिरपी धरली. सरळ धरली तर दिसत नाही, पण तिरप्या उजेडात पेन्सिलीची जागा चमकते, पाटीवरच्या रेघोट्यांसारखी. "ही मान. चमक आहे? नाही. हे गाल. ही सगळी चमक माझी. हे कपाळ, ही माझी. हे नाक, हीसुद्धा माझी."

शैला कधी उठून शेजारी आली कळलं नाही. तिनं निगेटिव्ह माझ्या हातातून घेतली, तिरपी केली, पुन्हा सरळ, पुन्हा तिरपी. "हे समदं पेन्सिल हाय?" तिनं बापाकडं बघितलं. अप्पा पायाच्या अंगठ्याकडं बघत होते.

शेठचं समाधान झालं. बैलाचे दात बघून झाल्यासारखं म्हणाले, "बरं. मान साफ हाय. मग पुढं बोलायला हरकत न्हाई." अप्पांच्या डोळ्यात पाणी तरळलं. त्यांनी शेठचे पाय धरायचंच बाकी ठेवलं होतं.

"थांबा," शैला म्हणाली. "काका, मुलाचा फोटो बी तुमीच काढलेला हाय ना? फोटोच्या मागं तुमचा शिक्का हाय. मग त्याची बी निगेटिव्ह काढा. तिरपी धरून बगू."

माझ्या हसण्याचं कारण तेच होतं. महारुद्रचा फोटो माझ्याच हातचा, आणि त्या वेळी त्याच्या खांद्यावर हात ठेवून मला सूचना देणारे हेच शेठ होते. ज्याला पुतण्याचा चेहरा बदलून पाहिजे होता, त्याला विद्यापीठाच्या पाटीवरचं नाव मात्र बदलायला नको होतं.

"मुलाचं काय बगायचं?" शेठ म्हणाले. "मुलगा हाय तो!"

"मुलाला गाल नसतेत का?"

"दिगूभाऊ, कुणाची बी निगेटिव्ह कुणाला बी दाखवताव काय हो तुमी?"

"मघाशी हिची बघितली, तेव्हा तुम्ही हे विचारलं नाही, शेठ," मी म्हणालो. आणि महारुद्रचं पाकीट काढून काचेवर ठेवलं. उघडलं नाही. खरं सांगतो, उघडावं का नाही ते माझंही ठरत नव्हतं.

शेठनी पाकिटावर आपला पंजा ठेवला. "चला, गाडीची येळ झाली."

"बंद हाय शेठ," अप्पा भोळेपणानं म्हणाले. "गाड्या न्हाईत."

बाहेर मोर्चा चालला होता. पाकिटावर शेठचा पंजा तसाच. शैलानं क्षणभर त्या पंजाकडं बघितलं आणि मला म्हणाली, "नका काढू काका. दिसलं मला." पदर खोचला, बापाला उठवलं. अप्पा म्हणायलेत, अगं जुळत आलेलं मोडू नको. तर ती म्हणाली, "डाग न्हाई हे ते आपल्या तोंडानं म्हणले, अप्पा. त्येच मागाय आलताव ना तुमी? मिळालं. चला." शटरखालून वाकून दोघं जवळच्याच आपल्या पाहुण्यांच्या घरी गेली.

शेठचे पाहुणे गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि मधे मोर्चा. दिवस मावळेपर्यंत ते माझ्या स्टुलावर राजहंसाच्या खाली बसून राहिले. मी चहासुद्धा विचारला नाही.

स्थळ मोडलं असं सगळ्यांनी धरलं. आणि एक दिवस गंगाखेडच्या गाडीतून उतरून महारुद्र एकटाच दुकानात आला. मी लगेच ओळखला. त्याच्या गालावरचा देवीचा एकेक वण मी माझ्या हातानं बुजवला होता. लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, चाळणीसारखे गाल. माझ्या फोटोत मात्र ते लोण्यासारखे गुळगुळीत.

"आमच्या चुलत्यानं घरी एवढंच सांगितलं की पोरगी तोंडाळ हाय," तो म्हणाला. "बाकीचं मी निरोप नेणाऱ्या पाहुण्याकडनं काढून घेतलं. एक फोटो काढा. तुमच्या त्या मोठ्या कॅमेऱ्यावर. पेन्सिल लावायची न्हाई."

"बरं."

"आन् नुसता फोटो नको. निगेटिव्ह बी द्या. तिला तिरपी धरून बगायची हाय ना!"

मी फोटो काढला. धुतला. चेहऱ्यावरचा एकेक खड्डा त्या मोठ्या निगेटिव्हनं असा टिपला होता की बघत राहावं. सवयीनं पेन्सिल हातात घेतली होती; ती ठेवून द्यायला मला जेवढा त्रास झाला तेवढा बिडी सोडतानाही झाला नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो तो. आणि त्यात माझं काम काय, तर काही नाही.

शैलानं म्हणे शाळेच्या खिडकीशी उभं राहून ती निगेटिव्ह तिरपी धरून बघितली. कुठंच चमकली नाही. तिचा होकार अप्पांनीच मला येऊन सांगितला. मन्मथशेठ लग्नात सगळ्यात पुढं उपरणं टाकून मिरवत होते, अशा माणसांना कुठल्याच गोष्टीची लाज नसते. आणि लग्नाच्या फोटोंची ऑर्डर कुणाला मिळाली? सुरेशला! रंगीत पाहिजे होते ना! एवढं होऊनही अप्पा मला म्हणतात, "दिगूभाऊ, साडीचा रंग दिसतोय हो त्याच्यात." मी अक्षता टाकल्या, जेवलो आणि घरी आलो.

आता माझा स्टुडिओ नाही. सुरेशच्या कलरचंही कधीच वाटोळं झालं, तो झेरॉक्स काढतो आणि मोबाइलची कव्हरं विकतो. मंगल कार्यालयातल्या त्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी परभणीत शैलाच्या घरी गेलो होतो. दोघंही आता रिटायर झालेली. महारुद्र चहा टाकायला आत गेला आणि मी भिंतीकडं बघितलं.

दोन फोटो शेजारी-शेजारी लावलेले. एक महारुद्रचा, माझा, काळा-पांढरा, वण अन् वण कालच काढल्यासारखा. दुसरा शैलाचा, सुरेशचा रंगीत. पुढं औरंगाबादहून साफ प्रत आली होती, ती नाही. हा तो ठिपक्याचाच. रंग उडून सगळा फोटो तांबूस झालाय. साडी कोणती, गाल कोणता, काही वेगळं कळत नाही. नजर जाते ती मानेवरच्या पांढऱ्या ठिपक्यावर.

मला राहवलं नाही. "माझा कुठंय? मी काढलेला?"

"ट्रंकेत हाय की. जपून ठेवलाय."

"भिंतीवर कामून न्हाई? हे असलं विटलेलं लावलंस, आन् त्याला काय धाड भरली?"

शैला हसली. तेच हसणं, जे हसू नका असं मी तिला म्हणालो होतो. "काका, ह्याच्यात डाग हाय, पर मी हाय. त्यांच्यात वण हायेत, पर ते हायेत. तुमच्या फोटोत कोण हाय? अप्पानं तुमाला सांगितलं, तुमी केलं. मला इचारलं होतं का कुणी?"

महारुद्रनं चहा आणला. मी तो गरमच प्यालो, जीभ भाजली. मला राग आला होता, आणि तो कुणाचा आला होता ते मला नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मंगल कार्यालयात दोघं पोरं सेन्सरवरून भांडून दमली आणि त्यांनी एकदाचा नवरीचा फोटो काढला. फुल फ्रेमवाल्यानं तो लगेच मोबाइलवर घेतला आणि बोट फिरवून तिचा गाल गोरा करायला सुरुवात केली. दुसरा वाकून सांगायला लागला, कपाळ राहिलं, कपाळ कर. त्या वेळी मात्र दोघांचं एकदम जमलं. नवरी शेजारीच उभी होती.

मी जिलबीची प्लेट खाली ठेवली, हात पुसले आणि तिच्यापाशी गेलो. म्हणालो, "पोरी, तुला इचारलं का ह्यांनी?"